नंबर तोच, कार्ड दुसरं



जुलै २०२४ मध्ये खासगी मोबाइल कंपन्यांचे रिचार्ज एकदम महागले. तेव्हापासून आमच्या गटांच्या मासिक बैठकीत बचत गोळा झाली, हप्ते लिहून झाले, की एखादी तरी विचारतेच, "ताई, दुसऱ्या कंपनीत जाऊ का हो?" एक म्हणते, अमक्या कंपनीचं स्वस्त आहे. दुसरी म्हणते, स्वस्त आहे खरं, पण आमच्या वस्तीवर रेंजच नाही. चहा येईपर्यंत हीच चर्चा.

सगळ्यांना लागू पडेल असं एकच उत्तर या प्रश्नाला नाही, आणि मी कुठल्या कंपनीची जाहिरात करायलाही इथे बसलेली नाही. पण हा प्रश्न विचारता येतो, हीच गोष्ट फार जुनी नाही. आपल्या आयांना तो विचारायची सोयच नव्हती. बी.ए.ला माझा विषय इतिहास होता. त्यात लढाया होत्या, तह होते, टेलिफोन मात्र कुठे नव्हता. म्हणून आज आपल्या हातातल्या फोनचा इतिहास सांगते. कंपनी बदलायची की नाही हे ठरवताना काय बघायचं, ते त्यातूनच येईल.

आपल्या देशात टेलिफोन एक्स्चेंज उघडली १८८२ साली, कलकत्ता, मुंबई आणि मद्रासला. पुढची शंभर वर्षं फोन हा शहराचा, कचेरीचा आणि पैसेवाल्यांचाच राहिला. गावात फोन असलाच तर पोस्टात. बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल लावायचा, म्हणजे ऑपरेटरकडे नाव नोंदवायचं आणि तो जोडून देईपर्यंत तिथेच बसून राहायचं. घरी फोन हवा असेल तर अर्ज करून वर्षानुवर्षं वाट बघायची. कंपनी कुठली घ्यायची, हा प्रश्नच नव्हता. सरकारचं टेलिफोन खातं एवढं एकच दुकान होतं.

यात पहिला मोठा बदल झाला तो १९८४ नंतर. त्या वर्षी ऑगस्टमध्ये 'सी-डॉट' ही सरकारी संशोधन संस्था स्थापन झाली. तिच्यामागे सॅम पित्रोदा होते. परदेशातून येणारी एक्स्चेंज यंत्रं वातानुकूलित खोलीत ठेवावी लागायची. आपल्या गावात तर वीजच कधी असायची, कधी नसायची. या संस्थेने आपल्या उन्हात, धुळीत आणि कमी-जास्त विजेवर चालेल असं १२८ लाइनींचं छोटं एक्स्चेंज बनवलं. असलं पहिलं एक्स्चेंज १९८६ मध्ये कित्तूरला बसलं. बेळगाव जिल्ह्यातलं, राणी चन्नम्माचं कित्तूर. त्यानंतर ही छोटी एक्स्चेंज गावोगाव पोहोचली आणि बाजारपेठेत, एसटी स्टँडवर पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ उभे राहिले.

तो बूथ आपल्यातल्या पस्तिशी-चाळिशीच्या बायकांना चांगला आठवत असेल. काचेचा दरवाजा, आत एक पंखा, आणि समोर लाल आकड्यांचं मीटर. आकडे पळायला लागले की बोलणं राहायचं बाजूला, लक्ष सगळं त्या मीटरवर. रात्री उशिरा दर उतरायचे, म्हणून रांगही रात्रीच लागायची. पण रात्री बूथवर जाणार कोण? घरातला बाप्या. बाईला माहेरचा निरोप मिळायचा तो त्याच्या तोंडून, जेवढा त्याच्या लक्षात राहील तेवढाच.

दुसरी सोय होती 'पी.पी. नंबर'ची. लग्नपत्रिकेवर नंबर छापायचा आणि पुढे कंसात 'पी.पी.' लिहायचं. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, आम्हाला हाक मारून बोलवा. सासरी काय चाललंय हे मुलीने आईला सांगायचं ते शेजारणीच्या ओटीवर उभं राहून, चार माणसांच्या देखत. "बरं आहे सगळं" यापलीकडे ती काय बोलणार?

बाजूच्या बांगलादेशात याच सुमारास एक वेगळी गोष्ट घडली. ती आपल्या गटांशी नातं सांगणारी आहे, म्हणून थोडं वळण घेते. तिथल्या ग्रामीण बँकेने १९९७ पासून आपल्या सभासद बायकांना कर्जावर मोबाइल फोन द्यायला सुरुवात केली. ती बाई गावकऱ्यांना मिनिटाच्या दराने फोन लावून द्यायची आणि त्या कमाईतून कर्ज फेडायची. म्हणजे गावाचा फोन एका बाईच्या घरात. मग दुसऱ्या बाईला तिथे जाऊन बोलायला कुणाची परवानगी लागत नव्हती. आपल्याकडे गावाचा फोन बहुतेक वेळा दुकानदाराच्या नाहीतर सरपंचाच्या घरी राहिला.

आता मोबाइलकडे येऊ. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांना मोबाइलवरून फोन केला. देशातला मोबाइलवरचा हा पहिला कॉल मानतात. तेव्हा एका मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास दर पडायचा, आणि आलेला फोन उचलला तरी पैसे कापले जायचे. शेतमजूर बाईची दिवसभराची मजुरी दोन-तीन मिनिटांत संपली असती.

सरकारने मोबाइलचे परवाने देताना देशाचे तुकडे पाडले. त्यांना 'सर्कल' म्हणतात. महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल झालं, आणि मुंबई त्यातून बाहेर काढून वेगळं सर्कल केलं. नकाशावर ही साधी रेघ दिसते. पण साताऱ्याचा, रत्नागिरीचा, सांगलीचा माणूस पोटासाठी मुंबईला, आणि त्याचं घरदार गावाला. मोबाइलच्या हिशेबात ते दोघं दोन वेगळ्या मुलखांत राहत होते. ही रेघ लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

उचललेल्या फोनलाही पैसे पडायचे म्हणून लोकांनी 'मिस्ड कॉल' काढला. एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे फोन कर. कंपन्यांच्या दरपत्रकाला गरिबांनी दिलेलं हे उत्तर होतं, आणि त्यात आपल्या बायका सगळ्यांत हुशार निघाल्या. मे २००३ पासून येणारे फोन फुकट झाले. त्याच वर्षी पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपये भरून हँडसेट द्यायची योजना काढली आणि मोबाइल पहिल्यांदा साध्या घरात आला. २००६ मध्ये बीएसएनएलने देशभर कुठेही एक रुपया मिनिट असा दर केला. २००९ मध्ये टाटा डोकोमोने मिनिटाऐवजी सेकंदावर पैसे लावले, मग बाकीच्यांनाही तेच करावं लागलं. मधल्या काळात 'लाइफटाइम' कार्डही आली. एकदाच पैसे भरा आणि जन्मभर फोन घ्या, असं सांगून ती विकली. ती जन्मभर किती टिकली ते पुढे सांगते.

या सगळ्या स्वस्ताईत एक अडचण होती. कंपनी बदलली की नंबर जायचा. रिलायन्सच्या त्या ५०१ रुपयांच्या फोनला तर वेगळं कार्डच नसायचं, नंबर फोनमध्येच बसवलेला. कंपनी सोडायची तर नंबरही गेला आणि फोनही गेला. कार्डवाल्या फोनचं थोडं बरं होतं, पण नंबर कंपनीचाच. नंबर वाचला की कंपनी ओळखता यायची. ९८२२ म्हणजे आयडिया, ९४२२ म्हणजे बीएसएनएल. फोन लागायचाही तसाच. सुरुवातीचे आकडे बघून यंत्र ठरवायचं की कॉल कुठल्या कंपनीकडे पाठवायचा.

त्यामुळे झालं असं की माणसं स्वस्त स्कीम आली की नवं कार्ड घ्यायची आणि जुनं डब्यात टाकायची. ज्याला धंद्यासाठी नंबर टिकवायचा होता तो नाइलाजाने महाग कंपनीतच राहायचा. डॉक्टर, दुकानदार, शिवणकाम करणाऱ्या बायका, पापड-मसाल्याच्या ऑर्डरी घेणाऱ्या बायका यांचा नंबर म्हणजेच दुकानाची पाटी. पिशवीवर छापलेला नंबर बदलायचा कसा? कंपनीला हे पक्कं माहीत होतं. रेंज नसली, पैसे उगाच कापले गेले, तरी गिऱ्हाईक जाणार कुठे?

यावर उपाय जगात निघालेला होता. सिंगापूरने १९९७ मध्येच नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय केली होती. आपल्याकडे दूरसंचाराचं नियमन करणारी 'ट्राय' ही संस्थासुद्धा १९९७ मध्येच स्थापन झाली. तिने २००६ मध्ये ही सोय आपल्याकडेही आणावी अशी शिफारस केली. पण जुन्या कंपन्यांना घाई नव्हती. तारखा ठरल्या आणि टळल्या. शेवटी २५ नोव्हेंबर २०१० ला हरियाणात सुरुवात झाली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर 'नंबर पोर्टेबिलिटी' लागू झाली. फी होती १९ रुपये.

हे चालतं कसं, ते सोपं आहे. देशातल्या सगळ्या बदललेल्या नंबरांची एक मोठी नोंदवही ठेवली आहे. अमका नंबर आता अमक्या कंपनीकडे राहायला गेला, असं तिच्यात लिहिलेलं असतं. फोन लावला की यंत्र आकड्यांवर विश्वास न ठेवता आधी या नोंदीत बघतं. घर बदललं तरी पोस्टमनला नवा पत्ता सांगून ठेवला की पत्र बरोबर पोहोचतं, तसंच. तेव्हापासून ९८२२चा नंबर कुठल्याही कंपनीचा असू शकतो. माझ्या मते गेल्या तीस वर्षांत फोनच्या बाबतीत गिऱ्हाइकाच्या हातात आलेला हा सर्वांत मोठा हक्क आहे. दर तर वर-खाली होतच राहतात.

पण सर्कलची रेघ अजून शिल्लक होती. २०११ मध्ये कंपनी बदलता आली ती त्याच सर्कलच्या आत. कोल्हापूरची मुलगी निपाणीला दिली, तर अंतर तासाभराचं, पण निपाणी कर्नाटक सर्कलमध्ये. तिचा माहेरचा नंबर तिला तिकडच्या कंपनीत नेता येत नव्हता. सावंतवाडीची मुलगी गोव्यात दिली तर मात्र काही अडचण नाही, कारण सर्कल एकच. आणि कऱ्हाडची मुलगी मुंबईला दिली की पुन्हा अडचण! लग्न झालं की मुलीचं आडनाव बदलतं, पत्ता बदलतो, रेशनकार्ड बदलतं. फोन नंबर हा तिच्या जुन्या ओळखीतला एक धागा राहिला असता, तोही या रेघेने तोडला. ३ जुलै २०१५ पासून देशभर कुठूनही कुठेही नंबर नेता येऊ लागला.

पुढचा काळ तुम्हाला माहीतच आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली आणि काही महिने सगळं फुकट. बाकीच्या कंपन्यांना दर पाडावे लागले, आणि ज्यांना ते झेपलं नाही त्या बुडाल्या, नाहीतर दुसरीत मिसळल्या. २०१८ च्या सुरुवातीला एअरसेलने महाराष्ट्रातला गाशा गुंडाळला. व्होडाफोन आणि आयडिया त्याच वर्षी एक झाल्या. एके काळी एका सर्कलमध्ये दहा-बारा कंपन्या होत्या. आता आपल्याकडे उरल्या तीन खासगी आणि एक सरकारी. म्हणजे गंमत बघा, दुकानं पुष्कळ होती तेव्हा दुकान बदलायची सोय नव्हती, आणि सोय झाली तेव्हा दुकानंच कमी उरली.

त्याचा परिणाम लगेच दिसला. २०१८ संपता संपता दोन मोठ्या कंपन्यांनी ठरवलं की दर २८ दिवसांनी किमान ३५ रुपयांचा रिचार्ज मारलाच पाहिजे, नाहीतर सेवा बंद. 'लाइफटाइम'चं आयुष्य तिथे संपलं. जिला फक्त फोन घ्यायचा असायचा त्या बाईवर याचा सगळ्यांत मोठा भार पडला. मुलगा पुण्याहून फोन करायचा, ती उचलायची, एवढाच तिचा वापर. तिला आता भाडं भरावं लागू लागलं.

आणि २८ दिवस म्हणजे महिना नव्हे. वर्षाचे ३६५ दिवस, त्याला २८ ने भागा, तेरा रिचार्ज होतात. गटाचं व्याज तुम्ही बोटावर मोजता, मग हाही हिशेब मांडा. ३५ रुपयांनी वर्षाचे झाले ४५५. जुलै २०२४ मध्ये दोन खासगी कंपन्यांचा २८ दिवस हवं तेवढं बोलायचा रिचार्ज १७९ वरून १९९ वर गेला, तिसरीचा १५५ वरून १८९ वर. १९९ ने वर्षाचे २,५८७ रुपये होतात. १८९ ने २,४५७. आता ३५ रुपयांत बोलणं मोजकंच होतं आणि आजच्या रिचार्जमध्ये इंटरनेटही येतं, हे खरं आहे, तुलना अगदी सारखी नाही. पण जिच्या हातात अजून बटणांचा फोन आहे, तिला त्या इंटरनेटचा काय उपयोग?

तिन्ही खासगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले, त्यामुळे एकीतून निघून दुसरीत जाण्याने फारसं काही वाचत नव्हतं. लाखो लोक तेव्हा बीएसएनएलकडे गेले. पुढच्या काही महिन्यांत त्यातले बरेच परतलेही, कारण स्वस्ताई होती पण फोर-जीचे टॉवर सगळीकडे नव्हते. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलच्या देशी बनावटीच्या फोर-जीचं देशभर उद्घाटन झालं. तुमच्या गावच्या टॉवरवर ते आलंय का, हे मात्र दिल्लीच्या बातमीवरून कळणार नाही, गावातच बघावं लागेल.

जाण्याच्या हक्कातही अडथळे आलेच. पोर्ट करायला आपल्या फोनवरून १९०० या नंबरला मेसेज पाठवावा लागतो. २०२१ मध्ये सर्वांत स्वस्त रिचार्जमध्ये मेसेजची सोयच नसायची. म्हणजे कंपनी सोडायची तर आधी तिचाच महागडा रिचार्ज मारायचा! डिसेंबर २०२१ मध्ये ट्रायने आदेश काढला की रिचार्ज कुठलाही असो, १९०० ला मेसेज गेलाच पाहिजे. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये आणखी एक आदेश आला: ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी नुसतं बोलणं आणि मेसेज एवढाच रिचार्ज कंपन्यांनी ठेवायचा. असे रिचार्ज आता मिळतात. दुकानदार ते आपणहून दाखवत नाही, मागावे लागतात. बऱ्याच आज्यांना आणि आत्यांना कंपनी बदलण्यापेक्षा हा रिचार्ज मागणं जास्त फायद्याचं आहे.

आता खऱ्या अडचणीकडे येते. पोर्टेबिलिटीने नंबर गिऱ्हाइकाच्या हातात दिला. पण गिऱ्हाईक कोण? जिच्या हातात फोन आहे ती नव्हे. ज्याच्या नावावर कार्ड आहे तो.

आमच्या एका गटाच्या सचिवताईंची गोष्ट सांगते. २०१२ च्या सुमारास बाजारात छत्रीखाली टेबल मांडून कार्ड विकायचे, तसं एक कार्ड त्यांच्या दिरांनी स्वतःच्या ओळखपत्रावर घेतलं आणि वहिनींना दिलं. दहा-बारा वर्षं नंबर यांच्याकडेच. बँकेत तोच, आधारला तोच, गटाच्या खात्यालाही तोच. वस्तीवर रेंज येईना म्हणून त्या पोर्ट करायला गेल्या. दुकानात सांगितलं, ज्यांच्या नावावर आहे त्यांना घेऊन या. दीर सुरतेला. ते दिवाळीला येणार होते, मग आलेच नाहीत. शेवटी ताई वैतागल्या आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून दुसऱ्या कंपनीचं नवं कार्ड घेऊन बसल्या. नवं कार्ड म्हणजे नवा नंबर. जुन्यात रिचार्ज मारला नाही, तो बंद पडला.

मग एकेक गोष्ट समोर यायला लागली. गटाच्या खात्यातून पैसे निघाले की येणारा मेसेज येईना. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी करायची वेळ आली, तर ओटीपी आधारला जोडलेल्या जुन्याच नंबरवर जाणार. आधार केंद्र तालुक्याला, तिथे रांग, एक दिवस मशीन बंद, एक दिवस वीज नाही. तीन चकरांत तीन दिवसांची मजुरी गेली. बँकेत गटाच्या खात्याचा नंबर बदलायला ठराव, तिघींच्या सह्या, पुन्हा चकरा. आणि जिवाला घोर वेगळाच, कारण बंद पडलेला नंबर काही काळाने कंपनी दुसऱ्या कुणाला तरी देऊ शकते. ट्रायच्या सांगण्यानुसार निदान ९० दिवस तो दुसऱ्याला देत नाहीत. पण ९० दिवस म्हणजे किती? एका कर्जाचे तीन हप्ते.

म्हणून कंपनी बदलायचं मनात असेल तर सगळ्यांत आधी दराकडे बघू नका, कार्ड कुणाच्या नावावर आहे ते बघा. सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर आपला नंबर टाकून ओटीपी दिला की त्याच ओळखीवर आणखी कोणते नंबर आहेत ते दिसतात. जमत नसेल तर कंपनीच्या दुकानात जाऊन विचारा. दुसऱ्याच्या नावावर असेल तर तो माणूस गावाला येईल तेव्हा त्याला सोबत नेऊन कार्ड आधी आपल्या नावावर करून घ्या. हे काम चालू असताना पोर्ट होत नाही, म्हणून एकामागून एक करा.

दुसरं, रेंज. ती दुकानात उभं राहून कळत नाही. शेतात, गोठ्यात, स्वयंपाकघरात आणि रात्री दार लावल्यावर आत कळते. अंगणवाडीताई आणि आशाताई यांना विचारा. त्यांना रोज मोबाइलवर माहिती भरावी लागते, कुठल्या वस्तीवर कुठलं कार्ड चालतं हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. ज्या कंपनीत जायचं तिचं कार्ड शेजारणीकडे असेल तर एक दिवस तिचा फोन घेऊन आपल्या घरात, शेतात फिरून बघा. बाळंतपणाला रात्री गाडी बोलवायची वेळ आली तर वर्षाला वाचवलेले दोनशे रुपये तिथे उपयोगाला येत नाहीत.

तिसरं, हिशेब वर्षाचा मांडा. पाटीवरचा आकडा २८ दिवसांचा, ८४ दिवसांचा की वर्षाचा, ते विचारून घ्या.

इतकं बघून बदलायचं ठरलंच, तर रीत अशी. मेसेजमध्ये इंग्रजीत 'पोर्ट' हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहायचा, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, आणि १९०० ला पाठवायचं. उत्तरात आठ अक्षर-आकड्यांचा एक कोड येतो. तो आपल्याकडे चार दिवस चालतो. तो आणि ओळखपत्र घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं आणि स्पष्ट सांगायचं, "नवं कार्ड नको, पोर्ट करायचंय." सर्कलच्या आत असेल तर कामाचे तीन दिवस, दुसऱ्या सर्कलमध्ये जायचं तर पाच, असा डिसेंबर २०१९ पासूनचा नियम आहे. नंबर तोच राहतो, म्हणून बँक, आधार, गॅस कुठेही काही बदलावं लागत नाही. जुन्या कंपनीतला शिल्लक बॅलन्स आणि राहिलेले दिवस मात्र जातात, म्हणून रिचार्ज संपत आला की बदला. एकदा बदलल्यावर ९० दिवस पुन्हा बदलता येत नाही. मध्ये काही तास फोन बंद राहतो, तेव्हा बँकेच्या कामाचा किंवा हप्त्याचा दिवस सोडून करा.

तो आठ अक्षर-आकड्यांचा कोड फोनवर कुणालाही सांगू नका, कंपनीतून बोलतोय म्हटलं तरी. चोर आपला नंबर स्वतःच्या कार्डावर ओढून घेतात आणि मग सगळे ओटीपी त्यांच्याकडे जातात. जुलै २०२४ पासून यासाठी एक नियम आला आहे: हरवलेलं किंवा खराब झालेलं कार्ड बदलून घेतलं तर पुढचे सात दिवस पोर्टचा कोड मिळत नाही. त्या आठवड्यात दुकानदाराने "होत नाही" म्हटलं तर तो खोटं बोलत नाही.

सचिवताईंचं काम आता झालं आहे. नवा नंबर त्यांच्या स्वतःच्या नावावर आहे. त्यांच्याच सुचवण्यावरून आमच्या ग्रामसंघात प्रत्येक गटाच्या इतिवृत्त वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने आखले आहेत: बाईचं नाव, तिचा नंबर, आणि कार्ड कुणाच्या नावावर. पहिले दोन रकाने एका बैठकीत भरले. तिसऱ्यासाठी बायका घरी विचारून येते म्हणाल्या, तो अजून भरतोच आहे.